उठतील अशी माणसं

मंदा गेल्याचं कळलं त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भास्करराव हेडाऊ गॅलरीत कूलरच्या टाकीत पाणी भरत होते. एप्रिलचा दुसरा आठवडा होता आणि नागपूरचं ऊन आत्तापासूनच भिंतींना चिकटलं होतं. मंदा पहाटेच्या विमानानं गेली होती. हैदराबादला विमान बदलून तिला पोर्ट ब्लेअरला जायचं होतं. शाळेतल्या तिच्या तीन मैत्रिणी तिथे आधीच पोचल्या होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात नुसतं फिरायला म्हणून तिनं एकटीनं केलेला हा पहिलाच प्रवास.

फोन हैदराबादहून आला. नीलाक्ष एअरलाइन्समधून बोलतेय, असं एका बाईनं सांगितलं आणि पुढे म्हणाली, "आपल्या पत्नीची प्रकृती विमानात अचानक बिघडली आहे."

भास्कररावांनी याच कंपनीत एकतीस वर्षं काढली होती. सगळी नोकरी जमिनीवरची, विमान उडायच्या आधीपर्यंतची. त्यांना हे वाक्य पाठ होतं. पहिलं वाक्य प्रकृती बिघडल्याचं. दुसरं रुग्णालयात हलवल्याचं. मग थोडं थांबायचं आणि तिसरं वाक्य म्हणायचं. ही वाक्यं लिहिलेला कंपनीचा कागद समोर धरून त्यांनी स्वतः दोनदा असे फोन केले होते.

"त्यांना तातडीनं रुग्णालयात..." बाई म्हणाली.

"बाई, तिसरं वाक्य सांगा," भास्करराव म्हणाले.

मग तिनं तिसरं वाक्य सांगितलं.

टाकी भरून पाणी खाली वाहायला लागलं होतं. खालच्या मजल्यावरून पोफळींचा आवाज आला, "ओ हेडाऊ! कूलर भरून राहिले का आमची गॅलरी धुऊन राहिले?"

"बंद करतो जी," भास्करराव म्हणाले, आणि त्यांनी नळ बंद केला. नंतर कितीतरी दिवस त्यांना याचंच नवल वाटत राहिलं की आपण नळ बंद केला आणि 'जी' पण म्हणालो.

विमानातल्या कुणा प्रवाशानं काढलेला व्हिडिओ दुपारी आला. पुण्याहून ऋतुजाचा, त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही बघू नका," एवढंच ती म्हणाली, म्हणून त्यांनी बघितलाच.

सतराव्या रांगेतली कडेची सीट. मंदा बसली आहे. मांडीवर पर्स. समोर राखाडी जाकिटं घातलेले दोघे कर्मचारी. कंपनीच्या चार वैमानिकांना पोर्ट ब्लेअरला पोचवायचं होतं आणि विमान भरलेलं होतं, म्हणून चौघांना उतरवायचं ठरलं होतं. तिघे उतरले होते. मंदा मान हलवून म्हणत होती, "माझं तिकीट पूर्ण आहे, दादा." मराठीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. चेहऱ्यावर हसू होतं, जसं भाजीवाल्याशी बोलताना असायचं. मग दोघांनी खाली वाकून तिच्या काखेतून हात घातले. व्हिडिओ त्रेचाळीस सेकंदांचा होता. शेवटच्या दहा सेकंदांत ती ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता.

भास्कररावांना पहिल्यांदा एकच प्रश्न पडला, आणि तो विचित्र होता. मंदा उठली का नाही?

कारण मंदा उठणारी होती. विमान कंपनीच्या माणसांच्या बायका उठणाऱ्याच असतात. कंपनी घरच्यांना स्टँडबाय तिकीट देते, म्हणजे सीट रिकामी राहिली तर बसा, कोणी पूर्ण तिकिटाचा आला तर उठा. पहिल्याच विमानप्रवासाच्या आधी भास्कररावांनी तिला हे समजावून सांगितलं होतं. चांगली साडी नेसायची. मी कोणाची बायको हे कुणाला सांगायचं नाही. उठ म्हटलं की हसून उठायचं, मागे वळून बघायचं नाही. मंदानं हे एकदाच ऐकलं. तेवीस वर्षांत ती एकतीस वेळा उठली होती. सख्ख्या भावाच्या लग्नाला ती हळद उतरल्यावर पोचली, तेव्हाही घरी येऊन म्हणाली होती, "काही नाही जी, विमान भरलेलं होतं."

या वेळी मात्र तिनं शिवणकामाच्या पैशातून स्वतःचं तिकीट काढलं होतं. "स्टँडबाय काढू का?" असं भास्कररावांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "नको. एकदा तरी आपल्या सीटवर बसून जाते." ते हसले होते.

दुसऱ्या दिवशी शवचिकित्सेचा अहवाल आला. सहा बरगड्या मोडल्या होत्या आणि छाती दाबली गेल्यामुळे श्वास कोंडला होता.

ती राखाडी जाकिटं म्हणजे 'बाहू'. ती मुळात रुग्णालयांसाठी तयार झाली होती. जाड कापडात हवेच्या शेकडो बारीक नळ्या विणलेल्या असतात. जाकीट घालून माणसाला उचललं की नळ्यांत हवा भरते आणि सगळं वजन जाकीट घेतं. नव्वद किलोच्या रोग्याला एक किरकोळ नर्स लहान मुलासारखं उचलते. उचलणाऱ्याला वजन जाणवतच नाही. म्हणजे आपण किती जोर लावतोय हेही जाणवत नाही.

कापडात आणखी एक सोय होती. उचललेला माणूस घसरू लागला तर त्वचेजवळची हालचाल बाहूला कळायची आणि पकड आपोआप घट्ट व्हायची. रुग्णालयात ते बरोबरच होतं. तिथे हातातलं शरीर हललं, की ते पडतंय असंच समजायचं असतं. विमानात हातातलं शरीर हलतं ते नको म्हणत असतं. बाहूला हा फरक कोणी शिकवला नव्हता. मंदा हलली, पकड घट्ट झाली. मग श्वास घ्यायला छाती फुगली, तीही घसरणच समजून पकड आणखी घट्ट झाली. सतराव्या रांगेपासून दारापर्यंत, आणि दारापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत, साडेतीन मिनिटं ती प्रत्येक श्वासाला आणखी आवळली जात होती. त्या दोघांना वाटलं, बाई शांत झाल्या.

विमानात आधी मारामाऱ्या व्हायच्या, माणसं फरफटत न्यावी लागायची, लोक चित्रीकरण करायचे. म्हणून कायदा झाला होता की उतरवताना कमीत कमी बळ वापरावं. बाहूवर तसं लिहिलेलंच होतं, 'किमान बळ प्रमाणित'.

कंपनीनं पत्रक काढलं. दुःखद घटना, प्रवाशाची हाडं ठिसूळ असावीत, प्रवाशांची निवड संगणकानं सोडत काढून केली होती, त्यात कोणताही भेदभाव नाही.

'सोडत' हा शब्द वाचून भास्कररावांनी पत्रक टेबलावर पालथं ठेवलं.

सोडत नव्हती. हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

भास्कररावांची नागपूर विमानतळावर एक ख्याती होती. विमान जास्त भरलं की त्यांना विमानात बोलावलं जायचं. ते रांगांकडे एकदा बघायचे, सावकाश चालत जायचे आणि तीन-चार माणसांसमोर थांबायचे. ती माणसं उतरायची. ना भांडण, ना तक्रार. सहकारी म्हणायचे, "हेडाऊ, तुमच्या डोळ्यात एक्स-रे आहे का?" ते म्हणायचे, "एक्स-रे कशाला पाहिजे? माणूस बसतो कसा ते बघायचं." कसा, ते मात्र त्यांना सांगता यायचं नाही.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी कंपनीनं तन्मय इंगोले नावाच्या इंजिनिअरला त्यांच्याकडे पाठवलं. अमरावतीचा, हुशार, खाण्याचा शौकीन. त्यानं त्यांना एक चष्मा दिला. चष्म्यात दोन कॅमेरे होते. एक समोरचं बघायचा आणि दुसरा त्यांच्या बुबुळांकडे. ते कुठे बघतात, किती वेळ बघतात, कुठे परत बघतात, आणि शेवटी कोणापुढे थांबतात, हे दोन वर्षं टिपलं गेलं आणि त्यावरून एक यंत्र उतरवायची माणसं निवडायला शिकलं. "काका, तुम्हाला सांगता येत नाही ना, मग सांगू नका," तन्मय म्हणाला होता. "तुमच्या डोळ्यालाच विचारतो." रविवारी तो घरी जेवायला यायचा. मंदाच्या हातचं झणझणीत वांग्याचं भरीत खाऊन घाम पुसत म्हणायचा, "काकू, यंत्राला हे शिकवता आलं असतं तर मी नोकरी सोडली असती."

भास्कररावांना अभिमान वाटला होता. आपण गेलो तरी आपलं काम राहील. माणसांना मार खावा लागणार नाही.

तन्मय तेराव्याला आला. न जेवता बसून राहिला. मग त्यानं पिशवीतून टॅब काढला.

"काका, मी हे तुम्हाला दाखवायला नको. पण मला झोप नाही."

"काय आहे?"

"यंत्राला आम्ही एकदा विचारलं होतं, तुझ्या मते सगळ्यात सहज उठणारा प्रवासी कसा दिसतो, त्याचं चित्र काढ. हजारो माणसांची सरासरी काढून त्यानं एक चित्र काढलं." तन्मयनं टॅब चालू केला. "ऑफिसात आम्ही त्या चित्राला मावशी म्हणायचो. गंमत म्हणून. आज मावशीनं किती उठवले, असं."

त्यानं टॅब पुढे केला.

चित्रातल्या बाईला चेहरा नव्हता, नुसता धूसर गोल होता. पण ती बसली होती. पाठ सीटला टेकलेली नाही. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. सीटचा हात शेजाऱ्याला सोडलेला. पाय मागे ओढून सीटखाली घेतलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण नको म्हणून. मान थोडी वर, कोणी काही सांगेल तर ऐकायला तयार.

भास्करराव ते चित्र बघत राहिले. अशी बसणारी एक बाई त्यांच्या घरात पस्तीस वर्षं बसली होती. लग्नघरात, दवाखान्यात, सासरच्या बैठकीत, स्वतःच्या सोफ्यावर. रांगेतली माणसं बघताना ते कोणाला शोधत होते, ते त्यांना आत्ता कळलं.

"तिचा उठण्याचा आकडा किती आला होता?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी."

"काका..."

"सांग."

"शंभरातले नव्याण्णव. तेवीस वर्षांचा स्टँडबायचा इतिहासही जोडलेला होता. एकतीसपैकी एकतीस वेळा उठल्या." तन्मय आता रडत होता. "एवढा आकडा आला की यंत्र समजावायला वेळच ठेवत नाही. दोनदा विचारा आणि लगेच उचला, असा आदेश देतं. आम्हाला वाटलं, अशी माणसं विरोध करणारच नाहीत."

ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"कोणाचा आकडा?" तिनं विचारलं. "बाबा, सोडत होती ना?"

तन्मयनं टॅब पिशवीत घातला. भास्करराव म्हणाले, "बस. सांगतो." ती बसली नाही. त्यांनी उभ्यानंच सांगितलं. चष्मा, दोन वर्षं, चित्र, नव्याण्णव. काही लपवलं नाही आणि काही सौम्यही केलं नाही, कारण सौम्य करण्याचे शब्द त्यांच्याकडे नव्हते.

ऋतुजानं सगळं ऐकून घेतलं. ती वकिली शिकली होती आणि गेले तेरा दिवस बाहूंविरुद्ध कागद जमवत होती.

"आईला उठायला तुम्ही शिकवलंत," ती म्हणाली. "आणि उठवायचं कोणाला, हे यंत्राला तुम्हीच शिकवलंत."

"हो."

"एकदा नाही उठली ती. एकदा."

"हो, बाळा."

"मला बाळा म्हणू नका," ती म्हणाली आणि आत जाऊन बॅग भरू लागली. तन्मय तिला थांबवायला उठला, तशी ती म्हणाली, "तू तर बोलूच नको. भरीत खाऊन गेलास तिच्या हातचं."

पुढच्या महिन्यात कंपनीनं कागद पाठवला. भास्कररावांनी फक्त एवढंच लिहून द्यायचं होतं की पत्नीला श्वासाचा जुना त्रास होता आणि निवडीबद्दल आपली तक्रार नाही. त्या बदल्यात, जुन्या कर्मचाऱ्याची पत्नी म्हणून, कंपनी मंदाच्या नावानं प्रशिक्षण केंद्र काढणार होती. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. निवड सोडतीनं होत नाही. भांडणार नाहीत अशी माणसं शोधून उचलली जातात. ती शोधायची रीत माझी आहे. मला बोलवा.

समितीनं चौथ्या सुनावणीला बोलावलं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. सुनावणीच्या सभागृहात चाळीसेक माणसं होती. शेवटून दुसऱ्या रांगेत ऋतुजा बसली होती. ती त्यांच्याशी बोलली नव्हती, पण आली होती.

कंपनीचे वकील रणदिवे हसतमुख गृहस्थ होते. "हेडाऊसाहेब, आपलं दुःख आम्ही समजू शकतो," ते म्हणाले. "पण दुःखात माणूस स्वतःला दोष देतो. यंत्रात लाखो प्रवाशांची माहिती आहे. आपल्या एकट्याच्या डोळ्यांचा त्यात कितीसा वाटा असणार?"

"सगळा," भास्करराव म्हणाले. "बाकीची भर आहे."

"सिद्ध कसं करणार?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "करून बघू," त्या म्हणाल्या. "या सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीला नंबर आहे. यांनी कागदावर पाच नंबर लिहावेत. ज्यांना उठ म्हटलं तर उठतील, असे पाच. आणि आज सकाळपासूनचं इथलं चित्रीकरण यंत्राला दाखवा. त्यानंही पाच नंबर काढावेत. कंपनीची हरकत?"

रणदिव्यांनी तन्मयकडे पाहिलं. यंत्र तोच चालवणार होता. तन्मयनं खाली बघूनच मान हलवली. "हरकत नाही," रणदिवे म्हणाले.

भास्कररावांनी सभागृहाकडे एकदा बघितलं. फार वेळ लागला नाही. नोंदी घेणारी एक मुलगी, पाण्याचा ट्रे घेऊन कडेच्या खुर्चीवर टेकलेला शिपाई, एका वर्तमानपत्राचा वयस्कर बातमीदार, खादीची झोळी घेतलेल्या एक बाई. एका खुर्चीवर त्यांची नजर थांबली होती, ती त्यांनी तिथून काढून घेतली आणि पाचवा नंबर भलताच लिहिला.

यंत्राला चार मिनिटं लागली. तन्मयनं दोन्ही कागद अध्यक्षबाईंच्या हातात दिले. त्यांनी मोठ्यानं वाचले. भास्कररावांचे पहिले चार नंबर यंत्राच्या कागदावर होते, त्याच क्रमानं. सभागृहात कुजबुज झाली. शिपायानं ट्रे खाली ठेवला आणि आपल्याकडे कोण बघतंय ते बघू लागला.

"पण," रणदिवे उठले, "यंत्राच्या यादीत या चौघांच्याही वर एक नंबर आहे. बावीस. हेडाऊसाहेबांच्या कागदावर बावीस नाहीच. म्हणजे यंत्राला जी सर्वांत सोपी व्यक्ती वाटली, ती यांना दिसलीही नाही. चार जुळणं हा अनुभवाचा भाग, बाई. कुठलाही जुना कर्मचारी ओळखेल. पण यंत्र यांच्या नजरेनं बघत असतं, तर पहिलंच नाव कसं चुकलं असतं?"

अध्यक्षबाई भास्कररावांकडे बघत होत्या. "काही म्हणायचंय?"

गप्प राहिलं तर विषय इथे मिटत होता. निवड कशी होते हे सिद्ध झालं नाही, तर चौकशी फक्त बाहूंच्या नळ्यांची होणार होती. नळ्या दुरुस्त होतील आणि माणसं तीच उचलली जातील.

भास्करराव उभे राहिले. टेबलाची कड धरली.

"चुकलं नाही जी," ते म्हणाले. "बावीसवर मी सगळ्यात आधी बघितलं. ती पर्स मांडीवर घेऊन बसलीय. पाय खुर्चीखाली ओढून घेतलेत. मी मुद्दाम लिहिलं नाही. बावीसवर माझी मुलगी आहे."

सगळी डोकी मागे वळली. ऋतुजा जशी बसली होती तशीच बसून राहिली. मग तिनं खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं, हातांकडे बघितलं, जणू ते कोणा दुसऱ्याचे होते.

"अहो, पण ही तर..." रणदिव्यांच्या मागे बसलेला कोणीतरी म्हणाला, कारण याच मुलीनं गेल्या तीन सुनावण्यांत कंपनीला घाम फोडला होता.

"तुम्हाला कोणी उठा म्हटलं," अध्यक्षबाईंनी तिला हळूच विचारलं, "तर तुम्ही उठाल?"

"आईला हे कोणीतरी विचारायला पाहिजे होतं," ऋतुजा म्हणाली. "विचारून उत्तर ऐकायला पाहिजे होतं."

अध्यक्षबाईंनी ते वाक्य नोंदीत घ्यायला सांगितलं. नोंदी घेणाऱ्या मुलीनं ते लिहून घेतलं. यंत्राच्या यादीत तिचा नंबर दुसरा होता.

सुनावणी संपल्यावर भास्करराव बाहेरच्या बाकावर बसले. ऋतुजा समोरून गेली. दोन पावलं पुढे जाऊन थांबली, वळल्यासारखी झाली, मग तशीच जिना उतरून गेली. तिनं पुण्याला रेल्वेनं जायचं ठरवलं होतं हे त्यांना तन्मयकडून कळलं.

या गोष्टीला आता सात महिने झाले. समितीचा अहवाल अजून आलेला नाही. कंपनीनं बाहूंची पकड सैल केली आहे. उतरवायच्या माणसांची निवड अकरा विमानतळांवर अजून भास्कररावांच्याच नजरेनं होते आहे.